कोकणातील डॉक्टरांचे कपडे : निवड, खर्च आणि निगा

डॉक्टरांनी कामावर काय घालावे याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा मोठ्या शहरांतील वातानुकूलित रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांची अडचण निराळी आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे दोन ते साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि धुतलेला कपडा वाळण्याआधीच त्याला कुबट वास येऊ लागतो. उरलेल्या काळात घाम पाठ सोडत नाही. अशा हवेत कपडा अंगावर कसा दिसतो याइतकेच तो किती लवकर धुऊन वाळतो आणि पुन्हा घालण्याजोगा होतो, याला महत्त्व आहे. माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टरांनी कपड्याची खरी परीक्षा दुकानातल्या आरशापेक्षा पडवीतल्या दोरीवर घ्यावी, आणि पैसेही त्याच हिशेबाने खर्च करावेत. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : खरेदीआधी कामाची नोंद

दुकानात जाण्याआधी पंधरा दिवस एका वहीत साधी नोंद ठेवावी. दिवसातून किती वेळा कपडे बदलावे लागले, ते कशाने खराब झाले, किती अंतर दुचाकीवरून किंवा पायी गेले, आणि दिवसाचा किती वेळ पंख्याखाली व किती एसीत गेला, एवढे लिहिले तरी पुरे. बाजारपेठेत ओपीडी चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना घाम आणि चिखल यांचा त्रास जास्त असतो. प्रसूतिगृह चालवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना रात्री-अपरात्री धावावे लागते आणि रक्ताचे डाग हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. दंतवैद्यांच्या छातीवर आणि बाहीवर तुषार उडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना उपकेंद्रे, शिबिरे आणि तालुक्याच्या बैठका असे सगळे एकाच दिवसात करावे लागते. या चौघांची कपड्यांची यादी एकसारखी असूच शकत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचे पाहून खरेदी करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : किती जोड लागतात याचे गणित

पावसाळ्यात सोमवारी घातलेले कपडे सोमवारी रात्री धुतले, तर छपराखाली ते वाळायला मंगळवार आणि बुधवार जातात. गुरुवारी इस्त्री होते आणि शुक्रवारी ते पुन्हा अंगावर येतात. म्हणजे केवळ फेरा चालू ठेवण्यासाठी चार जोड लागतात. त्यात भिजल्यामुळे किंवा अंगावर काही उडाल्यामुळे बदलाव्या लागणाऱ्या कपड्यांचे दोन जोड मिळवावेत, आणि एक जोड दवाखान्यातच प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा. असे सात होतात. घरी धुण्याचे यंत्र दिवसाआड चालत असेल तर आणखी एक. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसाला दोन शर्ट लागतात खरे, पण तेव्हा कपडा दोन-तीन तासांत खडखडीत वाळतो, त्यामुळे तेच सात जोड सहज पुरतात. गणित पावसाळ्याचे करावे, बाकीचे ऋतू त्यात आपोआप बसतात.

तिसरी पायरी : कापडाची पारख

सुती कापड घाम शोषते म्हणून ते उत्तम, हा समज अर्धा खरा आहे. कापूस हवेतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के इतका धरून ठेवतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून शुद्ध सुती कपडा अंगाला सुखावह लागतो, पण दोरीवर ओलाच राहतो. पॉलिस्टरचा कपडा झटकन वाळतो, पण त्यात घामाचा वास अडकून बसतो आणि उकाड्यात तो अंगाला चिकटतो. यावरचा तोडगा म्हणजे ऋतूप्रमाणे विभागणी. सात जोडांपैकी चार मिश्र कापडाचे, म्हणजे टेरिकॉटचे, आणि तीन सुती असावेत. टेरिकॉटमध्ये ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत हे प्रमाण सर्वत्र मिळते. ज्यांना घामोळ्यांचा किंवा त्वचेच्या बुरशीचा त्रास होतो, त्यांनी सुताचा वाटा जास्त असलेले कापड निवडावे, कारण कपडा लवकर वाळवण्यासाठी त्वचेला त्रास देणे योग्य ठरत नाही. लिननचे शर्ट उन्हाळ्यात फार आरामदायी असतात, पण चुरगळतात, आणि रुग्णांसमोर चुरगळलेला शर्ट घालून बसणे मला तरी पटत नाही. ते सुट्टीसाठी ठेवावेत.

दुकानात कापड पाहताना घाई करू नये. कापडाचा कोपरा मुठीत दहापर्यंत अंक मोजेपर्यंत घट्ट दाबून सोडावा; सुरकुत्या लगेच सैल झाल्या तर ते दिवसभराच्या बसण्या-उठण्यात टिकेल. ते उजेडासमोर धरून पाहावे, कारण पांढरे व फिक्या रंगाचे पातळ कापड भिजल्यावर अंग दाखवते आणि पावसात दुचाकीवरून येणाऱ्या डॉक्टरांना, विशेषतः महिला डॉक्टरांना, ते अवघड जाते. त्यानंतर शिवणी पाहाव्यात. कपड्यात सर्वांत शेवटी वाळतात ते कंबरपट्टा, खिशांचे अस्तर आणि पायाची दुमडलेली पट्टी. खिशाचे अस्तर जाड असेल तर बाकी पँट वाळली तरी तेवढा भाग दोन दिवस ओला राहतो आणि वास तेथूनच सुरू होतो. पावसाळ्यात जीन्स टाळावी, ती याच कारणासाठी.

स्क्रब्ज, म्हणजे रुग्णालयात घालायचा सैल सदरा-पायजमा, घेताना त्यांत लायक्रा हा ताणला जाणारा धागा किती आहे ते लेबलावर वाचावे. दोन-चार टक्के लायक्राने वाकणे-बसणे सोपे होते, परंतु ब्लीचने लायक्रा लवकर मरतो आणि कपडा ढिला पडतो. ज्यांच्या कपड्यांना वारंवार ब्लीच लागते, त्यांनी साधे मिश्र कापडच घ्यावे.

चौथी पायरी : शिवण आणि माप

इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये डॉक्टरांच्या कपड्यांविषयी सूचना काढल्या आणि रुग्णाला तपासताना कोपराच्या खाली बाही, घड्याळ व दागिने नसावेत असा आग्रह धरला. त्यामागचा विचार सरळ आहे : मनगटापर्यंत हात नीट धुता आले पाहिजेत. आपल्या हवेलाही हीच पद्धत मानवते, त्यामुळे अर्ध्या बाहीचे शर्ट आणि कोपरापर्यंतच्या बाहीचे कुर्ते घेण्यास कोणतीच अडचण नाही. टायचा प्रश्न आपल्याकडे फारसा येत नाही. कॉन्फरन्सखेरीज तो लावूच नये, कारण तो रुग्णाच्या अंगाला लागतो आणि क्वचितच धुतला जातो.

तयार कपड्यांपेक्षा शिवून घेतलेले कपडे आपल्याला अधिक सोयीचे पडतात असे माझे स्पष्ट मत आहे. घाटमाथ्यावर, आंबोली चढून कोल्हापूरकडे गेले की इचलकरंजी लागते. यंत्रमागाच्या या गावात शर्टिंगचे कापड मीटरवर मिळते, आणि तेथला माल कोकणातल्या दुकानांतूनही असतो. ५८ इंच पन्ह्याचे साधारण दीड मीटर कापड अर्ध्या बाहीच्या शर्टाला पुरते. सुती कापड शिवायला देण्याआधी पाण्यातून काढून, सावलीत वाळवून द्यावे, म्हणजे पुढे कपडा आटत नाही. शिंप्याला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. छातीचा खिसा थोडा खोल हवा, म्हणजे वाकल्यावर पेन आणि टॉर्च रुग्णाच्या अंगावर पडत नाहीत. पँटच्या खिशांना पातळ अस्तर हवे. पँटची लांबी टाचेच्या अर्धा इंच वर ठेवावी, कारण पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना चिखल नेहमी पायाच्या पट्टीलाच लागतो.

महिला डॉक्टरांसाठी तयार कुर्त्यांची सर्वांत मोठी उणीव म्हणजे खिसे. शिंप्याकडून दोन्ही बाजूंना मोबाइल मावेल एवढे खिसे लावून घेण्याचा खर्च फार नाही आणि त्याने दिवसभराची ओढाताण वाचते. ओढणी रुग्णावर लोंबकळू नये म्हणून तपासणीच्या वेळी ती बाजूला ठेवावी, किंवा जाकीट घातलेला कुर्ता वापरावा. साडी नेसणाऱ्या डॉक्टरांनी पदर खांद्यावर पिनेने पक्का करून वर एप्रन घालावा. लांब मंगळसूत्र एप्रनच्या आत राहील असे पाहावे. बांगड्या आणि खड्यांच्या अंगठ्या तपासणीच्या खोलीत जाण्याआधी काढाव्यात. त्यासाठी टेबलाच्या खणात एक डबी कायमची ठेवावी.

एप्रन घालावा का?

घालावा, पण तो स्वच्छ असेल तरच. वाडीवरून येणाऱ्या वयस्कर रुग्णांना एप्रन घातलेल्या डॉक्टरांचा आधार वाटतो आणि गर्दीच्या रुग्णालयात डॉक्टर कोण हे चटकन कळते. उलट लहान मुले पांढरा कोट पाहून रडू लागतात, आणि काही रुग्णांचा रक्तदाब दवाखान्यात शिरताच वाढतो. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी साधा, रंगीत, स्वच्छ शर्ट किंवा कुर्ता घातला तर काही बिघडत नाही. आठवडाभर एकच एप्रन खुंटीला टांगून वापरणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. अर्ध्या बाहीचे तीन-चार एप्रन ठेवावेत आणि रोज बदलावेत.

ऑपरेशन थिएटरचे कपडे हा वेगळा विषय आहे. ते रुग्णालयाने पुरवावेत, रुग्णालयातच धुवावेत आणि ते घालून चहाला बाहेर पडू नये. त्यांचा हिरवा-निळा रंग नुसता शोभेसाठी नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये पांढऱ्याऐवजी हिरवे कपडे वापरायला सुरुवात केली, कारण लाल रक्तावर बराच वेळ नजर लावल्यावर पांढऱ्या कपड्यावर डोळ्यांपुढे हिरवट आभास दिसतो आणि दिव्याचा प्रकाशही डोळ्यांवर परावर्तित होतो. स्वतःचे रुग्णालय असलेल्या डॉक्टरांनी पुढच्या खरेदीत कर्मचाऱ्यांसाठीही हाच विचार करावा.

पाचवी पायरी : पादत्राणे

येथे पैसे वाचवू नयेत. कामाच्या ठिकाणी पुढून बंद, वरून छिद्रे नसलेले आणि धुता येणारे पादत्राण हवे, कारण सुई किंवा ब्लेड खाली पडते ते पायावरच. व्हिजिटसाठी मात्र गरज वेगळी असते. घराच्या ओटीवर चढण्याआधी पादत्राणे काढावीच लागतात, तीही बहुधा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात छत्री सांभाळत, म्हणून लेस बांधायचे बूट निरुपयोगी ठरतात. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. तेथे तळ गुळगुळीत असलेली चप्पल धोक्याची आहे. खोल नक्षीच्या रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. चामड्याचे बूट मे महिन्याच्या अखेरीस पुसून, पॉलिश करून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत आणि दसऱ्यापर्यंत बाहेर काढू नयेत.

सहावी पायरी : पैशांचा हिशेब

कपड्याच्या किमतीला तो किती वेळा वापरला जाईल या संख्येने भागावे. समजा, ९०० रुपयांचा स्क्रब्जचा जोड साठ धुण्यांत फिका पडून ढिला झाला, तर प्रत्येक वापराला १५ रुपये पडले. १,८०० रुपयांचा जोड दीडशे वेळा टिकला, तर १२ रुपये. येथे महाग जोड स्वस्त पडतो. तोच नियम लग्नात दोनदा घालायच्या ८,००० रुपयांच्या सूटला लावला, तर एका वेळेचे ४,००० रुपये होतात, आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत तो अंगावर अर्धा तासही सहन होत नाही. म्हणून रोजच्या कपड्यांवर सढळ हाताने आणि क्वचितच्या कपड्यांवर हात राखून खर्च करावा. बहुतेक घरांत याच्या नेमके उलट होते.

जीएसटीकडेही लक्ष असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के कर आहे. करापूर्वी २,५०० रुपये किमतीचा शर्ट २,६२५ रुपयांना पडतो, तर २,६०० रुपयांचा ३,०६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकासाठी सव्वाचारशेहून अधिक मोजावे लागतात, हे किंमत पाहताना ध्यानात ठेवावे.

प्राप्तिकराबाबत थोडक्यात सांगायचे तर स्वतःचे रोजचे शर्ट-पँट किंवा साड्या हा वैयक्तिक खर्च आहे आणि तो व्यवसायाच्या खर्चात दाखवू नये. कर्मचाऱ्यांचे गणवेश, एप्रन, थिएटरचे कपडे आणि त्यांची धुलाई हा मात्र व्यवसायाचा खर्च आहे. त्याची बिले वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत. जे डॉक्टर जमा रकमेच्या निम्मे उत्पन्न धरण्याच्या अनुमानित पद्धतीने कर भरतात, त्यांना अशा खर्चाची वेगळी वजावट मिळत नाही. पगारदार डॉक्टरांना गणवेश भत्त्याची सवलत जुन्या करप्रणालीतच आहे.

वर्षातून दोनदाच खरेदी करावी : एकदा मेमध्ये, पावसाळ्याची, एकदा दिवाळीच्या सुमारास, बाकीची.

सातवी पायरी : डाग आणि धुलाई

रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यात भिजवावा; गरम पाण्याने त्यातील प्रथिने साकळतात आणि डाग कायमचा बसतो. थंड पाण्याने रक्त निघाल्यावरच हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, वापरावे, कारण रक्त तसेच असेल तर त्याचा जंतुनाशक परिणाम कमी होतो. बीटाडीनच्या डागावर व्हिटॅमिन सीची गोळी कुस्करून पाण्यात विरघळवून लावली की तपकिरी रंग पाहता पाहता उडतो, कारण आयोडीनचे रूपांतर रंगहीन आयोडाइडमध्ये होते. हे पाणी लावून कपडा लगेच खळबळून घ्यावा.

आपल्याकडचा खरा हट्टी डाग तांबड्या मातीचा. जांभ्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड असते आणि त्यावर ब्लीच चालत नाही, उलट डाग अधिक पिवळा-तपकिरी होतो. चिखल आधी पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, साबणाने धुवावा आणि उरलेल्या डागावर लिंबाचा रस लावून कपडा अर्धा तास ठेवावा. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह आहे, तेथे पांढरे एप्रन हळूहळू पिवळे पडतात. त्या घरांत पांढऱ्याऐवजी फिका निळा किंवा राखाडी रंग घेणे शहाणपणाचे. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. ही सूचना घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनाही समजावून सांगावी.

कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या सूचनेप्रमाणे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात दहा मिनिटे धुतल्यास बहुतेक जंतू नष्ट होतात. गरम पाण्याची सोय असलेले यंत्र घेताना जे जास्तीचे पैसे जातात, ते मी कपड्यांच्याच खर्चात धरीन. पावसाळ्यात अर्धवट ओला कपडा इस्त्रीने वाळवून कपाटात ठेवू नये. कंबरपट्टा हाताला गार लागत असेल, तर तो अजून ओला आहे असे समजावे.

आठवी पायरी : सुट्टीचे कपडे

लहान गावात डॉक्टर बाजारात, मच्छीच्या लिलावात, जत्रेत, दशावतार पाहताना, सगळीकडे ओळखले जातात, आणि कुठूनही त्यांना रुग्णाकडे जावे लागते. म्हणून सुट्टीचे कपडे आरामशीर असले तरी त्यांवर एप्रन चढवून लगेच काम करता यावे. गडद रंगाची सुती पँट आणि कॉलर असलेला टी-शर्ट या दोन वस्तूंनी पुरुषांचे जवळजवळ सगळे भागते. महिलांना सुती कुर्ता व सरळ पँट तेवढीच उपयोगी पडते. बागेत जाताना मात्र जुने कपडेच घालावेत. काजूच्या बोंडाचा रस आणि केळीचा चीक यांचे डाग जात नाहीत, आणि कितीही चांगला शर्ट एका दुपारी वाया जातो. कोकमाचा डाग ताजा असताना थंड पाण्याने निघतो.

गणपतीसाठी सोवळे, झब्बा-पायजमा किंवा नऊवारी आधीच घरात असते. त्यात दरवर्षी भर घालण्याचे कारण नाही. कॉन्फरन्ससाठी अस्तर नसलेला किंवा अर्ध्या अस्तराचा एकच गडद ब्लेझर पुरतो.

नववी पायरी : पावसाळ्याआधीची साठवण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जे कपडे चार महिने लागणार नाहीत, ते धुऊन, कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर बांधावेत. खळ केलेले कपडे ठेवू नयेत, कारण कसर लागते ती पिठाच्या ओढीने. रेशमी साड्या मलमलीच्या कापडात गुंडाळाव्यात आणि पावसाने उघडीप दिली की घडी मोडून पुन्हा वेगळ्या जागी घालावी, म्हणजे जरीची तार एकाच रेषेवर तुटत नाही. लाकडी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला उपयोगी पडतो.

डांबराच्या गोळ्यांबाबत मात्र डॉक्टरांनी स्वतः जागरूक असले पाहिजे. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना या गोळ्यांतील नॅफ्थलीनच्या संपर्काने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. घरात बाळंतपण असेल तर त्या कपाटातील दुपटी, चादरी आणि बाळाला कडेवर घेणाऱ्यांचे कपडे यांत या गोळ्या ठेवूच नयेत, आणि आपल्या रुग्णांनाही तसे सांगावे.

ऑक्टोबरचे पहिले कोरडे ऊन पडले की सगळे कपडे एकदाच बाहेर काढून दोरीवर टाकावेत. ज्यांवर काळे ठिपके कायम राहिले आहेत, जे ढिले पडले आहेत आणि जे वर्षभरात एकदाही अंगावर आले नाहीत, ते वेगळे करावेत, उरलेले मोजावेत, आणि दिवाळीच्या खरेदीची यादी त्या मोजणीवरून करावी.